कशावरून? मांजरापासून डायनोसॉरपर्यंत प्राण्यांचा अभ्यास कसा करावा

प्राण्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या माणसाची सुरुवात बहुधा नावांपासून होते. लहान मुले डायनोसॉरची अवघड नावे धडाधड म्हणून दाखवतात, मोठी माणसे लांबी, वजन आणि वेग यांचे आकडे गोळा करतात, आणि काही महिन्यांनी दोघांचाही उत्साह ओसरतो. दोष नावांचा किंवा आकड्यांचा नाही; ते फार लवकर हाती येतात, एवढेच. समोर वावरणाऱ्या प्राण्याविषयी आपल्याला जे वाटते ते नेमके कशावरून वाटते, हे ज्याला सांगता येत नाही, त्याला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या प्राण्याविषयी कोणी केलेले विधान तपासताही येत नाही. म्हणून घरातल्या मांजरापासून निघावे, जीवाश्मांपर्यंत जावे, आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी ‘कशावरून?’ हा एकच प्रश्न विचारत राहावे, अशी पद्धत येथे मांडली आहे.

एक प्राणी आणि एक वही

सुरुवातीला एकच प्राणी निवडावा. तो पाळीव असला पाहिजे असे नाही. रोज दिसला पाहिजे, ही अट मात्र खरी आहे. मांजर, कुत्रा, कोंबडी, टाकीतला मासा, भिंतीवरची पाल, यांपैकी कोणीही चालेल. दुर्मीळ प्राण्याच्या मागे लागण्यात पहिले वर्ष घालवू नये, कारण निरीक्षणाची सवय लागण्यासाठी पुनरावृत्ती लागते आणि दुर्मीळ प्राणी ती देत नाही.

वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे फक्त जे दिसले ते लिहावे आणि उजवीकडे त्यावरून जे वाटले ते लिहावे. ‘मांजर रागावले’ हे वाक्य डाव्या रकान्यात बसत नाही. तेथे ‘कान मागे वळले, शेपटीचे टोक चार-पाच वेळा जमिनीवर आपटले, मग मांजर उठून दाराकडे गेले’ असे लिहावे लागते. राग हा उजव्या रकान्यातला शब्द आहे. दररोज ठरावीक वेळी पंधरा मिनिटे असे लिहीत गेल्यास पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो, हे आधीच सांगितलेले बरे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मात्र एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते: उजवा रकाना भराभर भरलेला असतो आणि डावा जवळपास रिकामा असतो. आपण पाहतो कमी आणि ठरवून टाकतो जास्त.

हा दोष केवळ नवशिक्यांचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ या नावाने प्रसिद्ध झालेला एक घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खूर आपटून देत असे, आणि त्याला खरोखर गणित येते असे अनेक जाणकारांनाही वाटू लागले होते. मालकाच्या मनात फसवणुकीचा हेतू नव्हता, त्यामुळे लबाडी शोधणाऱ्यांच्या हाती काहीच लागले नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली, आणि घोडा चुकू लागला. योग्य संख्या येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची आणि चेहऱ्याची नकळत किंचित हालचाल होत असे, आणि ती टिपून घोडा खूर आपटणे थांबवीत असे, हे १९०७ मध्ये त्याने प्रसिद्ध केले. घोडा गणितात कच्चा ठरला. माणसाच्या चेहऱ्याचे वाचन करण्यात मात्र तो तरबेज होता, आणि माझ्या मते हेच त्या प्रकरणातले अधिक मोलाचे ज्ञान आहे. आपल्या कुत्र्याला ‘सगळे कळते’ असे म्हणण्यापूर्वी हान्सची आठवण ठेवावी आणि आपण खोलीत नसताना, किंवा पाठ फिरवून तेच शब्द उच्चारले असता, तो काय करतो हे पाहावे.

निरीक्षणातून प्रश्न उभे राहू लागले की त्यांची वर्गवारी करणे उपयोगी पडते. निको टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने १९६३ मध्ये एकाच वर्तनाविषयी चार वेगवेगळे प्रश्न विचारता येतात, असे मांडले. मांजर दोरीच्या टोकावर झडप का घालते, या प्रश्नाचे एक उत्तर त्याच्या डोळ्यांच्या आणि स्नायूंच्या कार्यात असते. दुसरे त्याच्या पिल्लूपणात, भावंडांशी खेळताना ती झडप कशी घडत गेली यात असते. तिसरे त्या झडपेचा शिकारी प्राण्याला जगण्यासाठी काय उपयोग होतो यात असते. आणि चौथे मांजराच्या पूर्वजांच्या इतिहासात असते. दोन माणसे प्राण्याच्या वर्तनाबद्दल तावातावाने वाद घालत असतील, तर पुष्कळदा ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असते.

हाताला लागणारी हाडे

वर्तनानंतर शरीराकडे वळावे, आणि तेही पुस्तकातल्या आकृतीआधी हाताने. कुत्रा शांत पहुडलेला असताना आणि त्याची हरकत नसताना त्याच्या पुढच्या पायावरून खांद्यापासून खालपर्यंत अलगद बोटे फिरवावीत. प्रथम एक जाड हाड लागते, मग कोपर, मग शेजारी शेजारी असलेली दोन हाडे, नंतर मनगटातली लहान हाडे आणि शेवटी बोटे. आता हाच प्रवास आपल्या स्वतःच्या हातावर करावा. क्रम तोच आहे. वटवाघळाच्या पंखात बोटे विलक्षण लांब झाली आहेत, देवमाशाच्या वल्ह्यासारख्या अवयवात हाडे आखूड आणि जाड झाली आहेत, घोडा एकाच बोटाच्या टोकावर उभा राहतो; परंतु एक हाड, मग दोन, मग पुष्कळ लहान हाडे आणि मग बोटे, ही मांडणी सर्वत्र ओळखू येते.

याच अभ्यासात एक जुना गैरसमजही मिटतो. कुत्र्याचा किंवा कोंबडीचा गुडघा उलटा वाकतो, असे अनेकांना वाटते. मागच्या पायाच्या मध्यावर मागे झुकलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा त्याच्या वर, पोटाजवळ, केसांत किंवा पिसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. कुत्रा, मांजर आणि कोंबडी टाच जमिनीला न टेकवता बोटांवर चालतात. एकदा हे दिसले की संग्रहालयातल्या कोणत्याही सांगाड्यापुढे उभे राहून गुडघा आणि टाच कोठे आहे हे स्वतःच शोधता येते, आणि फलक वाचण्याआधी प्राणी टाच टेकवून चालत असे की बोटांवर, याचा अंदाज करता येतो.

दातांसाठी प्राण्याचा जबडा उघडण्याचा खटाटोप करू नये. त्याच्या जांभईची वाट पाहावी. पूर्ण वाढलेल्या मांजराला ३० दात असतात आणि कुत्र्याला ४२. मांजराच्या जबड्यात चघळण्यासाठी सपाट दाढा जवळजवळ नाहीतच. तेथे एकमेकांवर सरकणाऱ्या धारदार दाढांची कात्री आहे, आणि ती जबड्याच्या बाजूला असल्यामुळे चिवट तुकडा खाताना मांजर मान वाकडी करून तोंडाच्या एका कडेने चावते. याउलट गाय जबडा आडवा फिरवून रवंथ करते, आणि तिला वरच्या बाजूला पुढचे दातच नसतात. हे दोन जबडे लक्षपूर्वक पाहिले की दातांवरून आहार ओळखण्याची विद्या निम्मी हस्तगत होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए याने १७९६ मध्ये हेच केले होते: त्याने मॅमथचे जबडे आणि दाढा हयात हत्तींच्या जबड्यांशी ताडून पाहिल्या, हा प्राणी दोन्ही प्रकारच्या हत्तींहून वेगळा असल्याचे दाखवले, आणि त्यावरून पृथ्वीवरून काही प्राणी कायमचे नाहीसे झाले आहेत, या तेव्हा सहज न पटणाऱ्या निष्कर्षाला आधार दिला.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. कासव किंवा सरडा हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. आणि रानटी प्राण्यांच्या बाबतीत स्पर्शाचा विचारच सोडून द्यावा; घरटे, अंडी आणि पिल्ले दुरून पाहावीत.

नावांचे सापळे

आता नावांकडे येण्यास हरकत नाही. आपल्या भाषेतली प्राण्यांची नावे देखणी आहेत, पण नातेसंबंधांच्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही. देवमासा हा मासा नाही, तारामासा तर त्याहून नाही. खवल्या मांजर हे मांजर नाही, शहामृग हे मृग नाही, वटवाघळाचा वाघाशी संबंध नाही, आणि जिला आपण पांढरी मुंगी म्हणतो ती वाळवी मुंगीची नव्हे तर झुरळाची जवळची नातलग आहे. समुद्रघोडा मात्र चक्क मासा आहे. सर्वांत गमतीचे उदाहरण पाणघोड्याचे: तो घोड्यापासून बराच दूर आहे, आणि हयात प्राण्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातलग देवमासे आहेत. म्हणजे एक मासा नाही, दुसरा घोडा नाही, आणि दोघे मात्र एकमेकांचे आप्त आहेत.

हा गोंधळ टाळण्यासाठी शास्त्रीय नावे वापरावीत. प्राण्यांची आजची दोन शब्दी नामपद्धती कार्ल लिनियस याच्या १७५८ च्या वर्गीकरणापासून मोजली जाते. पहिला शब्द जवळच्या नातलगांच्या गटाचा आणि दोन्ही मिळून त्या विशिष्ट जातीचे नाव होते. लांडगा कॅनिस ल्युपस आणि सोनेरी कोल्हा कॅनिस ऑरियस, हे वाचताच दोघांचे घराणे एक असल्याचे कळते. नावे पाठ करण्याची घाई नको; ज्या प्राण्याला वहीत एक तरी पान मिळाले आहे त्याचेच शास्त्रीय नाव शिकावे. नाते शोधताना ‘हा प्राणी दिसतो कसा’ याऐवजी ‘याच्यात आणि त्याच्यात समान पूर्वजाकडून आलेले असे काय आहे’ हे विचारावे. मासा आणि देवमासा यांचा आकार पाण्याने घडवला आहे. देवमाशाचे फुप्फुस, उष्ण रक्त आणि पिल्लांना पाजणे हे पूर्वजांकडून आले आहे.

आणखी एक असमतोल ध्यानात ठेवावा. आजवर वर्णन झालेल्या प्राण्यांच्या सुमारे १५ लाख जातींपैकी सुमारे १० लाख जाती कीटकांच्या आहेत, तर सस्तन प्राण्यांच्या साधारण साडेसहा हजार. प्राण्यांच्या पुस्तकांत हे प्रमाण नेमके उलटे दिसते. ज्याला पाळीव प्राणी ठेवता येत नाही त्याने खंत न करता मुंग्यांची एक रांग निवडावी. तेथे वर्षभर पुरेल इतके काम आहे.

सहा मीटरची दोरी

प्राचीन प्राण्यांकडे जाताना पहिली अडचण काळाची येते. ‘कोट्यवधी वर्षांपूर्वी’ हा शब्दप्रयोग इतका सैल आहे की त्यात सर्व काही एकत्र कोंबले जाते. यावर दोरीचा उपाय चांगला लागू पडतो. सुमारे सहा मीटर दोरी घ्यावी, एका टोकाला ‘आज’ मानावे, आणि १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षे धरून खुणा कराव्यात. ६६ सेंटिमीटरवर, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पक्षी वगळता सर्व डायनोसॉर नाहीसे झाले, आणि टायरॅनोसॉरस रेक्स याच खुणेच्या अगदी पलीकडे बसतो. पाठीवर उभ्या पट्ट्या असलेला स्टेगोसॉरस साधारण दीड मीटरवर येतो. सर्वांत जुने डायनोसॉर सुमारे २.३ मीटरवर, पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन २.८ मीटरच्या आसपास, माशासारख्या परांतच मनगटासारखी हाडे असलेला टिकटालिक ३.७५ मीटरवर, आणि समुद्रात राहणारे कवचधारी ट्रायलोबाइट ५.२ मीटरवर सुरू होतात.

खुणा झाल्यावर दोरीकडे नीट पाहावे. टायरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरस यांच्यात ऐंशी सेंटिमीटरहून अधिक अंतर आहे. टायरॅनोसॉरस आणि आपण यांच्यात सदुसष्टच्या आसपास. हे दोन डायनोसॉर एकमेकांशी झुंजत असलेले चित्र कोठे आढळल्यास त्याचे काय करायचे ते दोरीनेच सांगितले आहे. डायमेट्रोडॉन डायनोसॉर नाही, एवढेच नव्हे तर तो त्यांच्यापेक्षा आपल्या म्हणजे सस्तन प्राण्यांच्या घराण्याच्या जवळचा आहे. आपली मानवजात या दोरीवर शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये मावते. आणि आर्क्टिक महासागरातल्या रँगेल बेटावरचे शेवटचे मॅमथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे इजिप्तचे पिरॅमिड उभे राहिल्यानंतरही जिवंत होते; त्यांची खूण करायला पेन्सिलीचे टोक पुरेसे बारीक नसते.

या तारखा कशावरून ठरतात, हेही विचारायलाच हवे. डायनोसॉरच्या हाडांचे वय कार्बन पद्धतीने काढतात, अशी समजूत सर्रास आढळते, पण ती पद्धत साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे चालत नाही. जीवाश्म बहुधा गाळाच्या खडकात सापडतात. त्या थराच्या वर आणि खाली ज्वालामुखीच्या राखेचे थर असतील, तर त्या राखेतल्या खनिजांमधील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून थरांचे वय काढले जाते आणि हाड त्या दोहोंच्या मधल्या काळातले ठरते. एखाद्या लेखात वय दिले असेल पण ते थरावरून काढले की अन्य कशावरून याचा मागमूस नसेल, तर तो आकडा वहीत उजव्या रकान्यात टाकावा.

हाडाला प्रश्न विचारताना

घरच्या निरीक्षणांचा खरा उपयोग येथे होतो. भिंतीवरची पाल आणि अंगणातली कोंबडी यांची पुन्हा तुलना करावी. पालीचे पाय अंगाच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. कोंबडीचे पाय खांबांसारखे अंगाखाली सरळ असतात. डायनोसॉरचे पाय कोंबडीसारखे होते, आणि त्यांच्या खुब्याच्या खळगीत आरपार भोक असे, जे पक्ष्यांतही असते. उडणारे टेरोसॉर आणि समुद्रात पोहणारे इक्थिओसॉर व प्लेसिओसॉर या गटात येत नाहीत. कोंबडीच्या गळ्याखालचे दुबेळक्यासारखे हाड टायरॅनोसॉरससारख्या मांसाहारी डायनोसॉरमध्येही सापडते. पक्षी हे डायनोसॉरचेच हयात वंशज आहेत, हे विधान अशा अनेक खुणांवर उभे आहे, आणि त्यांतल्या काही कोंबडीवर स्वतः पाहता येतात.

ज्या गोष्टी दगडात उरत नाहीत त्यांच्यासाठी अभ्यासक दोन हयात नातलगांच्या मधोमध प्राण्याला धरतात. डायनोसॉरच्या एका बाजूला मगरी आहेत आणि दुसऱ्या बाजूला पक्षी. दोघांच्याही हृदयाला चार कप्पे असतात, दोघेही घरटे करून अंडी घालतात आणि बहुधा त्यांची राखण करतात. म्हणून नाहीशा झालेल्या डायनोसॉरमध्येही या गोष्टी असणे संभवनीय ठरते. एकाच बाजूला आढळणारी गोष्ट, उदाहरणार्थ पिसे, मध्ये धरण्यासाठी मात्र वेगळा पुरावा लागतो. तो पुरावा १९९६ मध्ये चीनमधल्या सायनोसॉरॉप्टेरिक्स या डायनोसॉरच्या अंगावरच्या तंतुमय पिसांच्या ठशांनी दिला, आणि २०१० मध्ये त्या तंतूंतल्या रंगकणांच्या आकारावरून त्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, असेही सांगता आले. म्हणजे रंग नेहमीच चित्रकाराच्या मर्जीवर सोडलेला नसतो. तरीही बहुतेक डायनोसॉरच्या रंगाविषयी असा पुरावा नाही, म्हणून चित्र पाहताना त्यातले हाडांवरून आलेले काय आणि कुंचल्यातून आलेले काय, हे वहीत दोन रकान्यांत वेगळे काढणे हा उत्तम सराव आहे.

चुकांचा इतिहास वाचणे हा या अभ्यासाचा सर्वांत रसाळ भाग आहे, आणि नवशिक्याने तो टाळू नये. गिडियन मँटेल याने १८२५ मध्ये इग्वानोडॉन या डायनोसॉरला नाव दिले तेव्हा हाताशी मोजकेच दात होते. पुढे मिळालेले एक टोकदार हाड त्याने नाकावरचे शिंग मानले. १८७८ मध्ये बेल्जियममधील एका कोळसाखाणीत अनेक सांगाडे सापडले, आणि ते शिंग हाताच्या अंगठ्याचे होते हे स्पष्ट झाले. लंडनमध्ये १८५४ पासून उभे असलेले इग्वानोडॉनचे पुतळे अजूनही नाकावर शिंग मिरवीत आहेत. ओव्हिरॅप्टरची गोष्ट याहून बोलकी आहे. १९२३ मध्ये गोबी वाळवंटात तो अंड्यांच्या घरट्यावर सापडला, ती अंडी दुसऱ्या डायनोसॉरची मानली गेली, आणि त्याला ‘अंडीचोर’ अशा अर्थाचे नाव मिळाले. सत्तर वर्षांनी तशाच अंड्यात त्याच्याच कुळातल्या पिल्लाचा सांगाडा मिळाला, आणि त्याच कुळातला एक प्राणी घरट्यावर पुढचे अवयव पसरून बसलेल्या स्थितीतही सापडला. खुडूक कोंबडी ज्याने पाहिली आहे त्याला ही बैठक ओळखायला वेळ लागत नाही. नामकरणाच्या नियमांमुळे नाव मात्र बदलता येत नाही, त्यामुळे आपल्याच अंड्यांची राखण करणाऱ्याला चोर म्हणणे आजही चालू आहे.

संग्रहालयात गेल्यावर सांगाड्यातली खरी हाडे किती आणि साच्यातून काढलेल्या प्रतिकृती किती, हे फलकावर शोधावे किंवा तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे. प्रतिकृती असणे कमीपणाचे नाही. लंडनमध्ये १९०५ पासून लाखो लोकांनी पाहिलेला डिप्लोडोकस संपूर्ण प्लास्टरचाच होता. प्रश्न इतकाच की न सापडलेला भाग कोणत्या नातलगावरून भरला आहे.

वहीतल्या प्राचीन प्राण्यांच्या प्रत्येक नोंदीला तारीख घालावी आणि समोरचे पान मोकळे सोडावे. स्पायनोसॉरसचेच पाहा: १९१५ मध्ये इजिप्तमधल्या हाडांवरून त्याला नाव मिळाले, ती मूळ हाडे १९४४ च्या म्युनिकवरील बाँबहल्ल्यात नष्ट झाली, २०१४ मध्ये आखूड मागच्या पायांची नवी रचना मांडली गेली, २०२० मध्ये वल्ह्यासारख्या शेपटीचे वर्णन आले, आणि तो खोल पाण्यात पोहत असे की काठाने चालत मासे टिपत असे, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. माझ्या वहीत त्याचे चित्र दोनदा खोडले आहे, आणि तिसऱ्यासाठी जागा ठेवली आहे.